सहावी-सातवीला शून्य शिक्षक: शालेय शिक्षण विभागाला एका पालकाचं खुलं पत्र

जुलै 2025

प्रति,
मा. मंत्री, शालेय शिक्षण
मा. आयुक्त (शिक्षण)
महाराष्ट्र राज्य

विषय: कमी पटाच्या जिल्हा परिषद शाळांमधली शिक्षकांची पदं आणि शाळांना मिळणारा निधी

सप्रेम नमस्कार,

मी सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका वाडीत राहते. माझी थोरली सहावीत आहे, धाकटा दुसरीत. दोघंही वाडीतल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत जातात. शाळा पहिली ते सातवी, पट 19. पहिली ते पाचवीत 13 मुलं आणि सहावी-सातवीत मिळून 6. शाळा व्यवस्थापन समितीची मी अध्यक्ष आहे. त्यामुळे शाळेला किती पैसे आले, कशावर गेले आणि कशाला पुरले नाहीत, हे मला तोंडपाठ असतं. हे पत्र तुम्हाला लिहिलं असलं तरी ते माझ्यासारख्या पालकांनीही वाचावं म्हणून उघड लिहिते आहे. आमच्यासारख्या शाळा या राज्यात हजारोंनी आहेत आणि त्यांच्याबद्दलचे निर्णय जिथे होतात तिथे त्या शाळेतल्या कुणाच्या आईला बोलावत नाहीत.

निमित्त आहे ते 15 मार्च 2024 च्या शासन निर्णयाचं. त्या निर्णयाने संचमान्यतेचे, म्हणजे कोणत्या शाळेला किती शिक्षक मंजूर करायचे याचे, निकष बदलले. वीसपर्यंत पट असलेल्या पहिली ते पाचवीच्या शाळेला एक नियमित शिक्षक आणि गरज भासली तर दुसरा सेवानिवृत्तांमधून. सहावी ते आठवीच्या वर्गांत वीसपेक्षा कमी मुलं असतील तर मंजूर शिक्षक शून्य. शाळा चालू, मुलं हजेरीपटावर, पुस्तकं वाटलेली, खिचडी शिजते आहे आणि शिक्षक शून्य. माझ्या मुलीने सहावीत जाऊन नेमकं काय करायचं, याचं उत्तर त्या निर्णयात मी शोधलं. एकच अर्थ निघतो: तिने दुसऱ्या शाळेत जावं. मग तसं सरळ लिहा ना.

समितीच्या बैठकीत मी हे वाचून दाखवलं तेव्हा एका मुलीची आजी एवढंच म्हणाली, "म्हणजे शाळा बंद नाय करूची, मास्तर काडून घेवचो." सगळा शासन निर्णय त्या एका वाक्यात आला.

शिक्षण हक्क कायदा 2009 मध्ये झाला. त्याच्या अनुसूचीत लिहिलंय की पहिली ते पाचवीत 60 पर्यंत मुलं असतील तर दोन शिक्षक. सहावी ते आठवीला प्रत्येक वर्गामागे किमान एक शिक्षक, आणि तेही असे की विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा या तिन्हींना माणूस असेल. त्यात "वीस मुलं असतील तरच" अशी अट कुठेही नाही. कायदा संसदेने केलेला, निकष तुमच्या विभागाने काढलेले. यातलं मोठं कोणतं, हे आमच्या सातवीतल्या मुलांना नागरिकशास्त्राच्या पुस्तकात शिकवलं जातं. शिकवायला माणूस असेल तर.

याच कायद्यात आणखी एक कलम आहे, 26 वं. शाळेतल्या मंजूर पदांपैकी दहा टक्क्यांपेक्षा जास्त पदं रिकामी राहता कामा नयेत. आमच्या जिल्ह्यात आंतरजिल्हा बदल्या झाल्या की घाटावरचे शिक्षक आपापल्या जिल्ह्यात जातात. त्यांनी तरी का राहावं, घरदार तिकडे आहे. त्यांच्या जागा मात्र रिकाम्या राहतात आणि इथली डी.एड. झालेली पोरं शिक्षकभरतीच्या पवित्र पोर्टलकडे डोळे लावून वयं वाढवतात. पण नवीन निकषांनी यावर भलताच उपाय काढलाय. मंजूर पदंच कमी केली की रिक्त पदं आपोआप कमी दिसतात. कागद स्वच्छ झाला, वर्ग आहे तसाच.

आता गुणवत्तेबद्दल. ती चर्चा आम्हाला टाळायची नाही, कारण लहान शाळा बंद करताना तुमच्याकडून नेहमी हेच कारण येतं: कमी पटाच्या शाळेत मुलांचं सामाजिकीकरण होत नाही, स्पर्धा नाही, गुणवत्ता नाही. यातलं काही खरं आहे. माझ्या मुलाच्या इयत्तेत तो आणि आणखी एक मुलगी, एवढेच. कबड्डीचा संघ होत नाही. वादविवाद घ्यायचा तर दोन्ही बाजूंनी तीच दोघं बोलणार. वाचनाचंही सांगते. असर या शैक्षणिक पाहणीच्या 2024 च्या अहवालात देशातल्या ग्रामीण सरकारी शाळांमधल्या तिसरीच्या मुलांपैकी फक्त 23.4 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचता आला. आमच्या शाळेतली तिसरीची सगळी मुलं फडाफडा वाचतात असा दावा मी करणार नाही.

पण मग कारण शोधा. कायद्याने पहिली ते पाचवीला वर्षाला किमान 800 तास शिकवणं सांगितलंय. पाच इयत्ता आणि एक शिक्षक असेल तर भागाकार करा, एका इयत्तेच्या वाट्याला थेट 160 तास येतात. उरलेला वेळ मुलं "पाटीवर लिहा", "पान वाचा" यात घालवतात. त्यातून खिचडीचं धान्य मोजणं, ॲपवर आकडे भरणं, केंद्रातली बैठक, मतदार यादीचं काम आणि यू-डायस या सरकारी नोंदणीत शाळेची माहिती भरणं वजा करा. दीडशेचा पट नसल्यामुळे आम्हाला मुख्याध्यापकाचं पद नाही, म्हणून तो कारभारही त्याच शिक्षकाकडे. शैक्षणिक आणि अशैक्षणिक कामांची वर्गवारी करणारा शासन निर्णय तुम्ही 2024 मध्ये काढलात. चांगलं केलंत. पण शाळेत माणूसच एक असेल तर वर्गवारी करून काम कुणाकडे द्यायचं?

याच गडबडीत यंदा पहिलीपासून तिसरी भाषा आणण्याचे दोन शासन निर्णय आले आणि 29 जूनला दोन्ही मागे घ्यावे लागले. राज्यभर वाद झाला तो हिंदीवरून. आमच्याकडे कुणी विचारलं असतं तर आम्ही आधी विचारलं असतं, पहिल्या दोन भाषा शिकवायला माणूस देताय का?

आणि एक आकडा तुमच्याच मंडळाचा. दहावीच्या निकालात कोकण विभाग दरवर्षी पहिला येतो. यंदा राज्याचा निकाल 94.10 टक्के, कोकणचा 98.82. निकालाच्या दिवशी सगळे पुढारी आमचं अभिनंदन करतात. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग, या दोनच जिल्ह्यांचा हा विभाग. दहावीत पास होणारी ही मुलं आठवी-नववीत आभाळातून पडलेली नसतात. त्यातली कितीतरी अशाच पंधरा-वीस पटाच्या, जांभ्याच्या भिंतींच्या शाळांमध्ये मुळाक्षरं गिरवून वर गेलेली आहेत. दहावीचा टक्का म्हणजेच शिक्षण, असं मी मानत नाही. पण "लहान शाळा म्हणजे वाया गेलेली शाळा" असं म्हणणाऱ्याने हा आकडा समोर ठेवूनच बोलावं.

पट का घटला, तेही बघा. 2001 च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या 8 लाख 68 हजार 825 होती, 2011 मध्ये 8 लाख 49 हजार 651. राज्यातला सर्वांत कमी लोकसंख्येचा हा जिल्हा, आणि दहा वर्षांत तोही आणखी रोडावला. तरुण मुंबईला, गोव्याला जातात, घरात म्हातारी माणसं राहतात आणि त्यांच्याकडे मुंबईहून फक्त गणपतीत नातवंडं येतात. जे राहिलेत त्यांना मुलंही एक नाहीतर दोन. कुटुंब नियोजन करा म्हणून सरकारनेच सांगितलं होतं. आम्ही ऐकलं. त्याबद्दल शाळा काढून घ्यायची का?

एक गोष्ट मंत्रालयातून दिसत नसेल म्हणून सांगते. आमचा पट 30 सप्टेंबरला मोजतात आणि आधार जुळलेली मुलंच धरतात. आमच्याकडे दिवाळी सरली की बागांमध्ये राखणीला नेपाळी कुटुंबं येतात, चिरेखाणीवर कर्नाटकातले मजूर येतात. त्यांची मुलं आमच्याच शाळेत बसतात. बसायलाच हवीत, कायदा आहे. त्यातल्या कुणाकडे आधार नसतं, कुणाच्या आधारावर नाव एक आणि आई हाक मारते ते दुसरं. फेब्रुवारीत आमच्या वर्गात खरोखर 24 मुलं असतात. तुमच्या संगणकावर 19. त्या पाच मुलांना शिक्षक शिकवतो, ताई खिचडी वाढतात, पण ती पाच मुलं कुठल्याच पदात, कुठल्याच अनुदानात नसतात. वीसच्या रेषेवर ज्या शाळेचं मरण ठरतं, तिथे आधारावरची एक चुकलेली वेलांटीही पद घालवू शकते.

आता पैशांकडे येते, कारण तिथे माझी सही आहे.

समग्र शिक्षा अभियानातून शाळेला वर्षाचं एकत्रित अनुदान मिळतं ते पटावर. तीस मुलांपर्यंत 10 हजार रुपये. शंभरपर्यंत 25 हजार, अडीचशेपर्यंत 50 हजार, हजारापर्यंत 75 हजार. आम्ही पहिल्या पायरीवर. म्हणजे महिन्याला 833 रुपये. त्यातले किमान दहा टक्के स्वच्छतेवर खर्च करायचे, हा नियम. उरलेल्यात विजेचं बिल, इंटरनेट, खडू-कागद, शैक्षणिक साहित्य, पाण्याची टाकी, मोडलेल्या बाकाची दुरुस्ती आणि इमारतीची देखभाल.

ही रक्कम ठरवणाऱ्याने कोकणातली शाळा पाहिलेली नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. आमची इमारत कौलारू आहे. वर्षभर माकडं कौलांवर उड्या मारतात आणि फोडतात. मे महिन्यात शाकारणी केली नाही तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात वर्गात पाणी. इथला पाऊस म्हणजे चार महिने थांबून थांबून येणारा नाही, कोसळणारा. पाच मुलं असली काय आणि पन्नास असली काय, कौलं तेवढीच लागतात, वासे तेवढेच कुजतात. छप्पर डोकी मोजून गळत नाही. आणि पैसे येतात केव्हा? आमचा अनुभव असा की खर्चाची मर्यादा वर्षाच्या शेवटी, मार्चमध्ये खुली होते आणि 31 तारखेच्या आत बिलं लावा म्हणून निरोप येतो. शाकारणीला माणसं मिळतात मे महिन्यात. मार्चमध्ये ती काजूत असतात. मग जे मार्चमध्ये विकत मिळेल ते घ्यायचं, आणि मे महिन्यात पुन्हा गावच्या मुंबईकरांच्या मंडळापुढे हात पसरायचा. आमच्या शाळेचं छप्पर गेली कित्येक वर्षं परळ-लालबागच्या खोल्यांत राहणाऱ्या चाकरमान्यांच्या वर्गणीवर उभं आहे. त्यांनी द्यावं, त्यांचं गाव आहे. पण सरकारने ते गृहीत धरू नये.

दुसरीकडे पैसे नाहीत असंही नाही. "मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा" या स्पर्धेत राज्यात पहिल्या येणाऱ्या शाळेला 51 लाखांचं बक्षीस ठेवलं होतं. बक्षीस मिळवणाऱ्या शाळेचं कौतुकच आहे. पण आमच्यासारख्या 510 शाळांचं वर्षभराचं अनुदान एका बक्षिसात बसतं, एवढं लक्षात असू द्या. आणि सुंदर शाळेच्या स्पर्धेत उतरायलाही आधी छप्पर लागतं.

मग सप्टेंबर 2023 मध्ये दत्तक शाळेची योजना आली. ग्रामीण भागातली शाळा एखाद्या कंपनीने दहा वर्षांसाठी एक कोटी देऊन दत्तक घेतली तर शाळेच्या नावाला देणगीदाराचं नाव जोडता येईल. आमच्या 19 मुलांच्या शाळेवर नाव लावायला कोण येणार आहे? जिथे रस्त्यावरून गाड्या जातात तिथे येतील. दानाला माझा विरोध नाही, वर सांगितलंच. पण जी शाळा चालवणं ही सरकारची जबाबदारी आहे, ती शाळा कुणाच्या मर्जीवर सोडून द्यायची कल्पना मला पटत नाही.

त्याच महिन्यात समूह शाळांचं, म्हणजे आसपासच्या लहान शाळांची मुलं एका मोठ्या शाळेत आणण्याचं, पत्र निघालं. पुणे जिल्ह्यातलं पानशेत आणि नंदुरबारमधलं तोरणमाळ, ही उदाहरणं तुम्ही दिलीत. तिथे चांगलं चाललं असेल, मी गेलेले नाही. आमच्याकडे मात्र वाडी आणि पुढच्या मोठ्या शाळेच्या मध्ये एक व्हाळ, म्हणजे ओढा, आहे. त्यावर साकव, म्हणजे छोटा पूल, आहे, लोखंडी, गंजलेला. जुलैमध्ये पाणी साकवाला लागतं. एस.टी. सकाळी एक, संध्याकाळी एक, शाळेच्या वेळेला एकही नाही. मुलांच्या प्रवासासाठी वर्षाला जास्तीत जास्त 6 हजार रुपयांची तरतूद आहे म्हणतात. आमच्याकडचा रिक्षावाला त्याच्या दुप्पट मागतो, आणि साकव बुडाल्यावर तोही येत नाही. पहिलीचं सहा वर्षांचं पोर कुणाच्या भरवशावर पाठवायचं? मुलगे कसेतरी जातील. मुलींना घरी बसवतील. हे मी भीतीपोटी म्हणत नाही. आमच्या शेजारच्या वाडीतली शाळा बंद झाली तेव्हा सातवीनंतर नाही, चौथीनंतरच दोन मुली घरी राहिल्या.

ज्यांना परवडतं ते मुलांना इंग्रजी माध्यमात घालतात, गाडी दारात येते. त्यांना दोष देत नाही. दोन वर्षं शिक्षक नाही, छप्पर गळतंय, शाळा राहणार की जाणार याची रोज चर्चा, अशा ठिकाणी कोण आपलं मूल ठेवेल? आणि मूल काढलं की पट कमी. पट कमी झाला की पद कमी, अनुदान कमी. मग तुमचा अहवाल म्हणतो, पालकांनीच शाळा नाकारली.

5 सप्टेंबर 2024 ला, शिक्षक दिनाच्याच दिवशी, वीसपर्यंत पटाच्या शाळेत दोनपैकी एक शिक्षक कंत्राटी, महिना 15 हजारांवर, असा निर्णय काढलात. राज्यातले शिक्षक रस्त्यावर उतरले तेव्हा वीसचे दहा केलेत, आणि पुढे तो निर्णयच गुंडाळलात. म्हणजे मागे घेता येतं. म्हणूनच हे पत्र लिहिण्यात अर्थ आहे असं मला वाटतं.

आमच्या मागण्या अशा.

1. सहावी ते आठवीच्या वर्गांना शून्य शिक्षक देणारा निकष रद्द करा. कायद्याची अनुसूची आहे तशी पाळा. किमान, ज्या वाडीपासून पुढची शाळा तीन किलोमीटरच्या आत पावसाळ्यातही चालत गाठता येत नाही, तिथे या शैक्षणिक वर्षापासूनच पदं परत द्या.

2. पहिली ते पाचवीला दोन नियमित शिक्षक. सेवानिवृत्त गुरुजींबद्दल आदर आहे, पण सत्तरीकडे झुकलेल्या माणसाने व्हाळ ओलांडून रोज यावं ही अपेक्षा धरू नका.

3. एकत्रित अनुदानाचे दोन भाग करा. इमारत, वीज, पाणी यांचा भाग पटावर नको, खोल्यांवर आणि छपरावर ठरवा. मुलांच्या साहित्याचा भाग पटावर राहू द्या. आणि पैसे एप्रिलमध्ये द्या. ही मागणी सगळ्यात स्वस्त आहे, हिला नवीन रुपयाही लागत नाही.

4. पट वर्षातून दोनदा मोजा, सप्टेंबरात आणि फेब्रुवारीत. आधार नसलेलं मूल वर्गात बसलेलं असेल तर ते मूल धरा. केंद्रप्रमुखाने येऊन डोळ्यांनी पाहावं.

5. भरतीत स्थानिक बोलीभाषा जाणणाऱ्या आणि या जिल्ह्यात राहण्याची तयारी असलेल्या उमेदवारांचा विचार करा. बदली झालेल्या शिक्षकाला, त्याच्या जागी माणूस हजर झाल्याशिवाय कार्यमुक्त करू नका.

6. कोणतीही शाळा बंद किंवा विलीन करण्याआधी शाळा व्यवस्थापन समितीचा आणि ग्रामसभेचा लेखी ठराव घ्या. आम्ही प्रत्येक शाळा चालू ठेवा असं म्हणत नाही. जिथे दोन शाळा हाकेच्या अंतरावर आहेत, रस्ता बारमाही आहे आणि पालक तयार आहेत, तिथे जरूर एकत्र करा. आमच्या पंचक्रोशीतही अशा एक-दोन जागा मी स्वतः दाखवीन. पण तो निर्णय नकाशावर रेघ मारून करू नका.

आमच्या समितीने हे पत्र एकमताने मंजूर केलं आहे. येत्या 15 ऑगस्टच्या ग्रामसभेत ते विषयपत्रिकेवर घेतलंय. तोवर तुमचं लेखी उत्तर आलं तर तेही त्याच सभेत वाचून दाखवू. नाही आलं तर उत्तर आलं नाही, अशी इतिवृत्तात नोंद करू आणि त्याची प्रत तुम्हाला पाठवू.

आपली,
एक पालक आणि शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष,
सिंधुदुर्ग